वंचित मुलांसाठी तीन आठवड्यांचं उन्हाळी फुटबॉल शिबिर: आखणी कशी करायची, कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८ ते १४ वयाची साधारण ६० मुलं-मुली. आईवडील दिवसभर कामावर, काही मुलं स्वतःच घर आणि धाकटी भावंडं सांभाळणारी. बहुतेकांकडे बूट नाहीत, निम्म्यांनी खरा फुटबॉल पायाला लावलेला नाही. हाताशी एक मैदान, सात-आठ कार्यकर्ते आणि सुट्टीतले तीन आठवडे. शिबिर कसं आखावं, सामान किती लागेल आणि शिकवायचं काय?

सामानाकडे येण्याआधी हजेरीबद्दल बोलू, कारण सगळी आखणी तिच्यावर उभी आहे. पहिल्या दिवशी गर्दी होतेच. पण ज्यांच्यासाठी शिबिर भरवलं, नेमकी तीच मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी गळायला लागतात. कारण क्वचितच फुटबॉल असतं. धाकट्या बहिणीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. अंगावरचा एकुलता एक शर्ट धुतला आणि वाळला नाही. सकाळी पोटात काही गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी धावताना चक्कर आली. पायाला फोड आला. येताना वाटेत मोठी मुलं त्रास देतात. यातली एकही अडचण प्रशिक्षकाच्या शिट्टीने सुटत नाही, आणि यातली प्रत्येक अडचण आधी माहीत असली तर सोडवता येते.

म्हणून नाव नोंदवताना चार प्रश्न हमखास विचारा: येणार कुणाबरोबर, घरी कुणाला सांभाळावं लागतं, सकाळी काही खाऊन निघता येईल का, आणि पायात घालायला काय आहे. उत्तरं कागदावर उतरवा. भावंडांसाठी मैदानाच्या कडेला सावलीत एक कोपरा ठेवा. एक चटई, थोडं खेळायचं सामान आणि त्यांच्यासाठीच नेमलेली एक मोठी व्यक्ती एवढं पुरतं. या एका कोपऱ्यामुळे ज्या मुली टिकतात, त्या दुसऱ्या कुठल्याही उपायाने टिकत नाहीत.

मूल सलग दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी ओळखीच्या कुणीतरी घरी जाऊन चौकशी करायची. जाब विचारायला जायचं नाही, अडचण समजून घ्यायला जायचं. उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभं करू नका, फेऱ्या मारायला लावू नका. पाणी भरून, भावाला जेवू घालून पाऊण तास चालत आलेल्या मुलाला शिक्षा केली की ते परत येत नाही.

निवड चाचणी अजिबात नको. चाचणी लावली की ज्यांना आधीपासून खेळायला मिळतं तीच मुलं आत येतात. जन्माचा दाखला नाही म्हणूनही कुणाला परत पाठवू नका; वयाचा अंदाज आणि उंची-बांधा पाहून गट ठरवता येतो. अर्ज एका पानाचा असावा आणि ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवूनच संमती घ्यावी. दमा, फिट येणं, हृदयाचा आजार, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषध, धनुर्वाताची लस आणि संपर्कासाठी दोन माणसं, इतकं त्यात हवंच. दम्याचा पंप असलेल्या मुलाचा पंप घरी ठेवायचा नाही, मैदानावर प्रशिक्षकाच्या पिशवीत हवा.

आणि फलकावर 'गरीब मुलांसाठी' असं लिहू नका. शिबिराचं नाव, वेळ आणि ठिकाण पुरेसं आहे. १२-१३ वर्षांच्या मुलाला ती पाटी वाचता येते.

मुली येतील असं म्हणून मुली येत नाहीत. निम्म्या जागा आधीच राखून ठेवा आणि पहिल्या दिवशी त्या रिकाम्या दिसल्या म्हणून मुलांनी भरून टाकू नका. मुली बऱ्याचदा दोन-तीन दिवस दुरून पाहून मग येतात. एकेकटी मुलगी नोंदवण्यापेक्षा एकाच वस्तीतल्या दोघी-तिघींना एकत्र बोलवा, म्हणजे येण्याजाण्याची सोबत होते. ८ ते १० वयाच्या गटात मुलं-मुली एकत्र खेळवावीत. १३-१४च्या मुलींचा गट निदान पहिला आठवडा वेगळा ठेवावा, कारण मिश्र गटात सवय असलेली मुलं चेंडू सोडत नाहीत आणि मुली कडेला उभ्या राहतात. स्त्री प्रशिक्षक, कडी असलेलं स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटीत सॅनिटरी पॅड आणि सलवार, लेगिंग किंवा ओढणी बांधून खेळायची मोकळीक, या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

आता माणसं. २० मुलांचे तीन गट, प्रत्येकाला एक मुख्य प्रशिक्षक आणि एक मदतनीस, म्हणजे सहा. सातवी व्यक्ती पाणी, प्रथमोपचार आणि फोन पाहणारी, आठवी भावंडांच्या कोपऱ्यात. यातलं कुणीही सुट्टीवर गेलं तरी गट एकट्या माणसाच्या हाती द्यायचा नाही. सगळ्यांनी तिन्ही आठवडे यायला हवं. एका दिवसासाठी येऊन फोटो काढून जाणारे पाहुणे या मुलांना नकोत. आयुष्यात अचानक येणारी आणि नाहीशी होणारी मोठी माणसं त्यांनी पुरेशी पाहिलेली असतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा. कुणीही मोठी व्यक्ती एका मुलाबरोबर बंद जागेत एकटी राहणार नाही. मुलांना खासगी मेसेज नाहीत, स्वतःच्या गाडीवर एकट्याला घरी सोडणं नाही, मारणं नाही, अपमान होईल असं ओरडणं नाही. फोटो संमतीशिवाय नाहीत, आणि जेवण वाटतानाचे फोटो तर संमती असली तरी नाहीत. तक्रार कुणाकडे करायची ती व्यक्ती मुलांना पहिल्या दिवशी नाव घेऊन दाखवा. येणाऱ्या प्रत्येकाची पूर्वचौकशी करा. 'ओळखीतला आहे' हे पुरेसं नाही. फिफाने २०१९ मध्ये 'फिफा गार्डियन्स' नावाने बालसुरक्षेचं साहित्य काढलं आहे, नियम लिहायला बसताना ते समोर ठेवावं.

मैदान आणि सामान

६० मुलांना पूर्ण मैदान लागत नाही. अर्धं मैदान, म्हणजे साधारण ६४ बाय ५० मीटर, भरपूर होतं. ६४ मीटरच्या बाजूचे १८ मीटर रुंदीचे तीन पट्टे करा, मध्ये ५-५ मीटर मोकळे सोडा. प्रत्येक पट्ट्यात २३ बाय १८ मीटरची दोन छोटी मैदानं बसतात आणि त्यांच्यामध्ये ४ मीटर उरतात. ही मोकळी जागा खाऊन टाकायची नाही. शेजारच्या खेळातून सुटलेला चेंडू पायाखाली येऊन घोटा मुरगळणं ही अशा शिबिरातली नेहमीची दुखापत आहे.

रोज सुरुवातीला दोघांनी मैदानभर चालत काचा, खिळे, दगड आणि खड्डे पाहायचे. हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट असतील तर ते जमिनीला घट्ट खिळवलेले किंवा मागच्या पट्टीवर वजन ठेवून बांधलेले आहेत का, हे हाताने ओढून तपासा. असे गोलपोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत, आणि बहुतेक वेळा मूल आडव्या दांडीला लोंबकळत होतं. बांधता येत नसतील तर मैदानाबाहेर आडवे टाकून ठेवा. छोट्या खेळांना दोन शंकूंमध्ये २ मीटरचा गोल पुरतो, गोलरक्षकही लागत नाही.

चेंडूंचा हिशेब नीट करा. प्रत्येकाला एक म्हणजे ६० चेंडू परवडत नाहीत, आणि दहा मुलांत एक चेंडू म्हणजे शिबिर नव्हे, रांग. दहा जणांच्या रांगेत एका चेंडूवर प्रत्येकाची पाळी १० सेकंदांची धरली तर १०० सेकंदांनी एकदा चेंडू मिळतो. १५ मिनिटांत नऊ वेळा. स्वतःचा चेंडू असलेलं मूल तेवढ्या वेळात काही शे वेळा चेंडूला पाय लावतं. उपाय असा, की तिन्ही गटांनी एका वेळी वेगवेगळी कामं करायची. एक गट स्वतंत्र चेंडूवर (२०), एक गट जोड्यांत (१०), एक गट छोट्या सामन्यांत (दोन चालू, दोन कडेला राखीव, म्हणून ४). झाले ३४. हरवायला आणि फुटायला आणखी ४. एकूण ३८ चेंडूंत ६० मुलांचं काम रांगेशिवाय चालतं.

यातले २८ चेंडू चार नंबरचे घ्या (घेर ६३.५ ते ६६ सेंटीमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम). आठ वर्षांच्या मुलांसाठी सहा चेंडू तीन नंबरचे आणि १४ वर्षांच्यांच्या सामन्यांसाठी चार पाच नंबरचे. सगळ्यांना पाच नंबरचा चेंडू देणं ही सरसकट होणारी चूक आहे. ४१० ते ४५० ग्रॅमचा चेंडू नऊ वर्षांच्या मुलाच्या पायाला जड होतो, मग ते पायाच्या टोकाने मारायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटत नाही.

मैदान कोरडं, खडबडीत असेल तर साच्यात घडवलेले, बिनशिवणीचे रबरी चेंडू घ्या. हाताने शिवलेल्या चेंडूचे टाके अशा जमिनीवर घासून आठवडाभरात उसवायला लागतात. रबरी चेंडू जास्त टणक असतो, म्हणून हवा कमी ठेवा. नियमानुसार चेंडूतला दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर (हवेच्या दाबाचं एकक) असतो; अनवाणी खेळणाऱ्या मुलांसाठी ०.६च्या आसपास बरा. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत गेला पाहिजे. पंप दोन आणि पिना दहा ठेवा. पिन कोरडी खुपसू नका. थुंकीपेक्षा ग्लिसरिनचा किंवा सिलिकॉनचा थेंब चांगला. कोरड्या पिनेने झडप फाटते आणि बरेचसे 'पंक्चर' चेंडू खरं तर झडप फाटल्यामुळे गळत असतात. चेंडू पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं की कळतं. भर उन्हात बंद गाडीत चेंडू ठेवायचे नाहीत, आतली हवा प्रसरण पावून शिवण ताणली जाते.

बाकी सामान थोडकं आहे. खुणेसाठी चपट्या चकत्या ६०, बिब (संघ ओळखायला शर्टावरून घालायची रंगीत बंडी) दोन रंगांचे १२-१२. बिब रोज धुवायचे. घामट बिब एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन गजकर्ण पसरतं आणि दुसऱ्या आठवड्यात अर्धा गट खाजवत बसतो. शिट्ट्या, चुना किंवा दोरी, प्रथमोपचाराच्या दोन पेट्या. ट्रॉफ्यांचा खर्च सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर आधी ट्रॉफ्या, मग छापील टी-शर्ट, मग मुलांची संख्या कमी करा. पाणी, खाणं आणि प्रशिक्षकांचा प्रवासखर्च कापू नका. १०० मुलांच्या एका आठवड्यापेक्षा ४० मुलांचे तीन आठवडे कितीतरी मोलाचे. टी-शर्ट देणारच असाल तर प्रत्येकी दोन द्या, नाहीतर न वाळलेल्या शर्टाची अडचण जागच्या जागी राहते.

बूट

खिळ्यांचे फुटबॉल बूट या मुलांना लागत नाहीत. कठीण मैदानावर ते उलट त्रास देतात: खिळे जमिनीत रुतत नाहीत, पाय घसरतो, टाचेवर आणि घोट्यावर भार येतो. सपाट रबरी तळव्याचे कॅनव्हास बूट पुरेत. माप विचारू नका, मोजा. पाऊल कागदावर ठेवून रेघ ओढायची, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यात १ सेंटीमीटर मिळवायचा. मोजणी खेळून झाल्यावर करा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. 'वर्षभर पुरावेत' म्हणून दोन नंबर मोठे बूट दिले की हमखास फोड येतात. बूट आणि मोजे एकत्र द्या. मोज्यांशिवायचा नवा बूट अनवाणी पायापेक्षा वाईट.

बूट मिळेपर्यंत एक नियम पाळा: एका सामन्यात एकतर सगळे बूट घालून, नाहीतर सगळे अनवाणी. बोटं चिरडतात ती मिश्र खेळात. बूट सगळ्यांना एकाच दिवशी द्या आणि ते त्यांचेच राहतील हे स्पष्ट सांगा. हजेरीचं बक्षीस म्हणून बूट देऊ नका. ज्याची हजेरी कमी त्याचं घर बहुधा जास्त अडचणीत असतं.

अनवाणी खेळवण्याआधी तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद टेकवून पाहा. सहन झालं नाही तर मुलांचे तळवेही भाजणार. कृत्रिम गवत भर उन्हात ६० अंश सेल्सियसच्याही वर तापतं. तिथे दुपारचा खेळ विसरून जा.

ऊन, पाणी, खाणं

वेळ पहाटेनंतरची किंवा सूर्य कलल्यावरची, आणि तीही घड्याळापेक्षा उन्हावर ठरवा. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून उष्णता मोजायच्या निर्देशांकाला वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर म्हणतात. तो ३२ अंशांच्या वर गेला की फिफा व्यावसायिक, कसलेल्या खेळाडूंनाही मधे पाणी-विश्रांती देते. मुलांसाठी त्याच्या बरंच आधी थांबायचं. नुसतं हवेचं तापमान फसवं आहे, दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही.

उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस ६० मिनिटं, मग ७५, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ९०. पहिल्याच दिवशी उत्साहात दोन तास खेळवणं हे गळतीचं आणि आजारपणाचंही मोठं कारण आहे.

पाण्याचा हिशेब असा. सुरुवातीला एकदा, मध्ये तीनदा, शेवटी एकदा. दर वेळी प्रत्येकाला १५० मिलिलिटर धरले तर ७५० मिलिलिटर. ६० मुलांचे ४५ लिटर. मोठी मुलं जास्त पितात, प्रशिक्षक आहेत, हात आणि जखमा धुवायच्या आहेत; रोज ७५ लिटर ठेवा. 'तहान लागली की प्या' असं सांगून चालत नाही, खेळात रमलेलं मूल तहान विसरतं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी प्यायचं. प्रत्येकाचा पेला वेगळा, नाव लिहिलेला. एक पेला सगळ्यांत फिरला की सर्दी-तापही फिरतो. ९० मिनिटांच्या खेळाला साधं पाणी पुरतं. मिठाच्या गोळ्या देऊ नका.

उपाशी मूल ओळखायला शिका. ते आळशी दिसतं, लवकर चिडतं, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वारंवार बसतं. खेळाच्या अर्धा तास आधी सहज पचेल असं थोडंसं आणि खेळानंतर पोटभर, प्रथिनं असलेलं खाणं द्या. सगळ्यांना सारखं द्या, 'ज्यांना गरज आहे त्यांनी हात वर करा' असं कधीही नको. भावंडांसाठी १० टक्के जास्तीचं धरा.

उष्माघाताची तयारी मैदानावर असलीच पाहिजे. मूल अडखळतंय, असंबद्ध बोलतंय, अंग तापलंय, तर घाम आटण्याची वाट पाहू नका. खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका, लगेच थंड करा. टब नसेल तर ताडपत्रीवर मुलाला झोपवून चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, आत थंड पाणी आणि असेल तेवढा बर्फ ओतायचा आणि पाणी हलवत राहायचं. डोकं पाण्याबाहेर धरायला एक माणूस ठेवायचा. तेही नसेल तर अंगभर ओले टॉवेल सतत बदलत वारा घालायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आधी थंड करणं, मग रुग्णालयात हलवणं, हा क्रम सगळ्या कार्यकर्त्यांनी एकदा प्रत्यक्ष करून पाहावा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, मुलं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी मैदानात परत यायचं.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही, 'बरं वाटतंय' म्हणालं तरी. डॉक्टरांकडे पाठवायचं आणि पालकांना स्वतः भेटून सांगायचं. अनवाणी पायाच्या जखमा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच मिनिटं धुवा, नुसती पट्टी लावून झाकू नका. नाकातून रक्त आलं तर डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. मागे झुकवलं की रक्त घशात जातं.

काय शिकवायचं

९० मिनिटांची विभागणी अशी ठेवता येते. पहिली १० मिनिटं, मुलं येतील तसतशी छोट्या मैदानांवर मुक्त खेळ; लवकर आलेल्यांना रांगेत बसवायचं नाही. मग १२ मिनिटं वॉर्म-अप. त्यानंतर १८-१८ मिनिटांची तीन सत्रं, वर सांगितल्याप्रमाणे गट फिरवत. एखादा गट सामन्यानेच सुरुवात करेल, काही बिघडत नाही. शेवटी ६ मिनिटं वर्तुळात बसून बोलणं. राहिलेली ८ मिनिटं पाण्याला आणि जागा बदलायला.

वॉर्म-अपसाठी 'फिफा ११+ किड्स' हा तयार कार्यक्रम वापरा. एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा नीट वाकवत उतरणं, न लागता पडणं असे सात व्यायाम त्यात आहेत. युरोपातल्या चार देशांतल्या १३ वर्षांखालच्या मुलांवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. मैदानाला तीन फेऱ्या आणि उभ्याने पाय ताणणं यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पहिला आठवडा मूल आणि चेंडू यांचा. तळव्याने चेंडू थोपवणं, दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंनी टिपटिप, तळव्याने मागे ओढून वळणं, पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडूची दिशा एकदम बदलणं. एका दिवशी एकच नवी गोष्ट. १२ बाय १२ मीटरच्या चौकोनात दहा मुलं, प्रत्येकाकडे चेंडू, कुणाला न धडकता फिरायचं. अशा चौकोनांत ती मान वर करून बघायला आपोआप शिकतात. दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. करून दाखवा आणि सुरू करा.

दुसऱ्या आठवड्यात पास आणि दोघांची समज. जोडीने पास देताना चेंडू उड्या मारत जातो, कारण मुलं टोकाने किंवा चेंडूच्या खालून मारतात. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला, घोटा घट्ट, स्पर्श चेंडूच्या मध्यावर, इतक्या तीनच गोष्टी सांगा. चार जण बाहेर आणि एक मध्ये हा खेळ नवख्या मुलांसाठी ८ मीटरच्या चौकोनात फसतो. तीन पासही होत नाहीत आणि मधल्याची मजा संपते. चौकोन १० मीटरचा करा, पास जमायला लागले की लहान करा. मग दोघं विरुद्ध एक, १५ बाय १० मीटरमध्ये, चेंडू घेऊन पलीकडची रेघ ओलांडायची. बचाव करणारा आपल्याकडे खेचला गेल्यावरच पास द्यायचा, हे फुटबॉलमधलं सगळ्यात उपयोगी शहाणपण इथे शिकता येतं.

तिसऱ्या आठवड्यात दोन सत्रं सामन्यांची. चार विरुद्ध चार हाच आकार ठेवा. अकरा विरुद्ध अकरा खेळवलं की तीन-चार सवयीची मुलं खेळतात आणि बाकीची उन्हात उभी राहतात. जागा सोडून पसरणं, चेंडू गेल्यावर लगेच मागे येणं, रेघेवरून खेळ पुन्हा सुरू करणं, एवढं पुष्कळ. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, पूर्ण वगळा. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी ते थांबवलं आहे, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्याशिवाय शिकायला भरपूर आहे. जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढून घेणंही (टॅकल) नको.

२० जणांच्या गटात दोन मैदानांवर १६ जण खेळतात, चार उरतात. त्यांना बसवून ठेवू नका. प्रत्येक मैदानावर दोघं मध्यस्थ. इथे 'फुटबॉल३' ही पद्धत कामाला येते. कोलंबियाचा फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार याचा १९९४ च्या विश्वचषकादरम्यान, संघ बाहेर पडून मायदेशी परतल्यावर, मेडेयिन शहरात खून झाला, आणि १९९६ मध्ये त्याच शहरात टोळ्यांमध्ये अडकलेल्या तरुणांसाठी सुरू झालेल्या फुटबॉलच्या कामातून ही पद्धत आली. सामना तीन भागांत होतो. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग पंचाशिवाय खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. तुमच्याकडे जिंकल्याचे ३, बरोबरीचे २, हरल्याचा १ आणि समोरच्या संघाने दिलेले ० ते ३ असं चालेल. सुरुवातीला मुलं मुद्दाम शून्य देतात. मध्यस्थाने 'नेमकं काय झालं ते सांगा' एवढंच विचारायचं. प्रशिक्षकाने मध्ये पडून निकाल दिला की पद्धत तिथेच संपते. चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत मुलं खरे गुण द्यायला लागतात. नैरोबीतल्या माथारे वस्तीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या युवा क्रीडा संघटनेने वस्तीच्या सफाईचे गुण लीगच्या तक्त्यात मिळवले, तेही याच जातीचं काम.

मारामारी झाली तर दोघांना दोन प्रशिक्षकांच्या शेजारी दोन-तीन मिनिटं बसवा, श्वास जागेवर आला की परत खेळात घ्या. दिवसभरासाठी हाकलू नका. काही मुलांना मोठा आवाज ऐकला की अंग आक्रसतं, किंवा उलट ती अंगावर येतात. त्यांच्याशी गुडघ्यावर बसून, हळू आवाजात, एकट्याला ऐकू जाईल असं बोला, पण इतरांच्या नजरेसमोर.

शेवटच्या दिवशी बाद फेरीची स्पर्धा ठेवू नका, निम्मी मुलं अर्ध्या तासात घरी जातात. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं खेळेल अशी साखळी करा, पालकांना सोयीच्या वेळी बोलवा, आणि 'सर्वोत्तम खेळाडू' एकच निवडू नका.

शिबिर संपल्यावर ३८ चेंडू कपाटात बंद होतात, हे मात्र आधीच टाळायला हवं. दर सहा मुलांमागे एक चेंडू वस्तीत राहू द्या, दर तीन चेंडूंमागे एक पंप आणि दोन पिना. जबाबदारी १३-१४ वर्षांच्या दोघांकडे द्या, त्यात एक मुलगी असावीच. एकट्याकडे दिला की चेंडू त्याचा होतो. झडपेत पिन कशी घालायची ते त्यांना करायला लावा. पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, निदान दोन प्रशिक्षकांनी त्याच मैदानावर जायचं, आणि तो दिवस व ती वेळ शेवटच्या दिवशी वर्तुळात बसून मुलांना सांगूनच त्यांना घरी सोडायचं.